काटेरी हलवा: आधी थंडी बघा, मग साखर मोजा

संक्रांतीच्या हलव्याची कृती दोन वाक्यांत सांगून होते. मंद आचेवर परातीत तीळ घ्यायचे, त्यावर चमच्याचमच्याने पाक सोडायचा आणि सुकेपर्यंत बोटांनी फिरवत राहायचं. तरी दर जानेवारीत ओळखीपाळखीतून फोन येतातच. "काका, दाणे पांढरेशुभ्र झाले, गोल गरगरीत झाले, पण काटा काही धरेना." पाक किती तारी, साखर कुठली, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, "काल आभाळ आलं होतं का?" बहुतेक वेळा आलेलं असतं.

मी मूळचा पंचवटीतला. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होतो, आता निवृत्त. हलवा शिकलो आत्याकडून. ती वाड्याच्या पडवीत पहाटे कोळशाची शेगडी घेऊन बसायची, मी ऊब मिळावी म्हणून शेगडीजवळ सरकायचो आणि तिला आयता गडी मिळायचा. पुरुषमाणूस हलवा करतो याचं काही जणांना नवल वाटतं. मिठाईच्या दुकानामागच्या भटारखान्यात कोण उभं असतं, ते एकदा डोकावून बघा म्हणावं.

दिवस कसा निवडायचा

हलव्याचा काटा म्हणजे साखरेचे बारीक स्फटिक. १ लिटर पाण्यात २० अंश तापमानाला साधारण २ किलो साखर विरघळते, उकळत्या पाण्यात साडेचार किलोच्या वर. म्हणजे गरम पाकात मावलेली साखर पाक निवला आणि आटला की मावेनाशी होते, आणि बाहेर पडताना आधीच्या कणाच्या टोकावर जाऊन बसते. टोकावर टोक चढत गेलं की काटा. हे व्हायला पाक दाण्यावर पडल्या पडल्या सुकला पाहिजे. हवा दमट असेल तर तो सुकत नाही, टोकावरून ओघळून खाचेत उतरतो, खाचा भरतात आणि दाणा गुळगुळीत होतो. खायला वाईट नसतो. पण तो हलवा नव्हे, साखरफुटाणा.

म्हणून कोरडी थंडी हवी. थंड हवेत बाष्प मुळात कमी असतं, आणि तीच हवा गरम परातीवरून गेली की पाकातलं पाणी झपाट्याने ओढून घेते. आपलं नाशिक यासाठी सोयीचं आहे. समुद्र लांब, शहर साधारण ६०० मीटर उंचीवर, आणि डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडं वारं येतं. मुंबईची भाची दरवर्षी तिथल्या दमट हवेशी झगडते. शेवटी तीळ आणि साखर घेऊन आमच्याकडेच येते.

थंडी सलग मात्र नसते. उत्तरेत पश्चिमी झंझावात आला की इकडेही आभाळ भरून येतं. रात्री ढग गोधडीसारखे पसरतात, जमिनीची ऊब वर जाऊ देत नाहीत. सकाळी पारा पंधरा-सोळाला आणि अंगाला चिकचिक. हे दिवस हलव्याला वर्ज्य. आभाळ निवळलं, वारा उत्तरेचा झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पारा धाडकन उतरतो. त्या दिवशी बसायचं. आणि एकदा बसायचं तर सलग तीन-चार पहाटा हाताशी हव्यात, म्हणून पुढच्या चार दिवसांचा अंदाज बघूनच साखर आणायची.

माझा अंदाज मोबाइलवर कमी आणि मेहुण्यावर जास्त चालतो. त्याची निफाडकडे द्राक्षबाग आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा पेपरात येतो, तो शहरापेक्षा बहुधा दोन-चार अंशांनी खालीच असतो. मोकळं शिवार, गोदावरी-कादवेचा सखल भाग, रात्री थंड हवा तिथे खाली बसून राहते. शहरात सिमेंट दिवसाची ऊब धरून ठेवतं. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर निफाडला पारा २ अंशांच्या खाली गेला होता. मेहुणा तेव्हा पहाटे ठिबक सोडून, बांधाबांधाला शेकोट्या पेटवून बागेत उभा. अशा थंडीत मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. त्याच्या जिवाची घालमेल आणि माझ्या हलव्याला सोन्याचा दिवस. त्यामुळे फोनवर फार आनंद दाखवायचा नाही, एवढं मी शिकलोय. आभाळ मात्र दोघांनाही नको असतं, त्याला द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आणि मला काट्यासाठी. "दाजी, वारा फिरला, उद्या बसा," असा त्याचा निरोप आला की मी चाळणी पुसायला घेतो.

वेळ पहाटेची, पाच ते आठ. पारा सगळ्यात खाली सूर्योदयाच्या सुमाराला असतो. सर्वांत छोटा दिवस २१-२२ डिसेंबरला होऊन गेला तरी आपल्याकडे सूर्य उगवायला जानेवारीच्या मध्यापर्यंत उशीरच होत जातो. संक्रांतीला नाशकात तो सव्वासातच्या आसपास दिसतो. म्हणजे दोन तास निवांत मिळतात. गोदाकाठी राहणाऱ्यांनी एक बघावं. धुकं असेल तर खिडक्या लावून आत बसायचं, गच्चीत किंवा बाल्कनीत बसू नये. पंखा तर कधीच नको, आचही हलते आणि खसखस उडते.

तारखेचं गणित असं: संक्रांत १४ जानेवारीला, एखाद्या वर्षी १५ ला. आदल्या दिवशी भोगी. हलवा भोगीच्या किमान दोन दिवस आधी हातावेगळा झाला पाहिजे, कारण हलव्याचे दागिने करायचे तर तो पुरता वाळलेला लागतो. शिवाय भोगीला स्वयंपाकघर आपलं नसतं. पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर, बोरं, शेंगदाणे घालून तिळकूट लावलेली लेकुरवाळी भाजी, तीळ थापलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, मुगाची खिचडी, लोण्याचा गोळा. त्या धबडग्यात एक शेगडी हलव्याला अडकलेली आमच्या घरात खपत नाही. "अहो, ती परात उचला आता," हे वाक्य मी तरुणपणापासून ऐकतोय.

साहित्य आणि पाक

पहिल्यांदा करणाऱ्याने ५० ग्रॅम तिळावरच थांबावं. त्याला साखर अर्धा किलो लागते, थोडी इकडेतिकडे. तीळ पांढरे, पॉलिशचे. भाजीला गावरान तीळ खमंग लागतात, इथे मात्र साल निघालेला स्वच्छ दाणा हवा. तीळ चाळून, निवडून, अगदी हलके गरम करून घ्यायचे. तांबूस झाले तर पांढऱ्या हलव्यात आतून डाग दिसतो.

दागिने करायचे असतील तर तिळाबरोबर थोडी खसखस, थोडा साबुदाणा आणि मूठभर मगज बी (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया) वेगवेगळ्या घाण्यांत करावी. एकाच परातीत सगळं टाकू नका. मोठा दाणा पाक ओढून घेतो आणि खसखस कोरडी राहते.

पाकाला एका वेळी १ वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी. साखर विरघळून उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, मळी वर येते, ती झाऱ्याने काढून पाक मलमलच्या फडक्यातून गाळायचा. मळी राहिली तर हलवा पिवळट होतो. मग पुन्हा आचेवर ठेवून एकतारी होऊ द्यायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक तार निघून तुटली की बस. दोन तारी झाला तर चमच्यातच साखर धरते.

लिंबू पिळू नका. पुष्कळ ठिकाणी "पाक स्वच्छ होण्यासाठी लिंबू" असं सांगतात. लिंबाच्या आंबटपणाने साखर फुटते आणि तिचे दाणे धरायचे थांबतात. गुलाबजामच्या पाकाला म्हणूनच लिंबू घालतात, की साखर परत जमू नये. आपल्याला नेमकी जमायला हवी आहे.

गाळलेला पाक छोट्या पातेल्यात, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट राखायचा. ढवळत बसायचं नाही. कडेला साखर जमायला लागली तर चमचाभर गरम पाणी घालून एकदा उकळायचं.

परात, आच, बोटं

आत्याच्या शेगडीत निखाऱ्यांवर राखेचा थर असायचा, त्यामुळे आच सगळीकडे सारखी. गॅसवर तसं करायचं तर लहान बर्नर, सगळ्यात बारीक ज्योत, त्यावर जाड लोखंडी तवा आणि तव्यावर परात. परात पितळी कल्हईची असेल तर उत्तम, नाहीतर जाड स्टीलची. नॉनस्टिक नको, त्यात दाणा घसरतो, लोळत नाही. आच बरोबर आहे का, हे बघायला परातीच्या तळाला बोटांची पाठ टेकवा. पाच आकडे मोजेपर्यंत ठेवता आली पाहिजे. आधीच काढावी लागली तर परात उतरवून थोडी निवू द्या.

आता परातीत तीळ पसरा आणि चहाच्या चमच्याने अर्धा चमचा पाक तिळांच्या मध्यावर सोडा. लगेच चारही बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवायला लागा. दाबायचं नाही. हात तिळांवरून जातो आहे, तिळांना चिरडत नाही, असं वाटलं पाहिजे. पहिले काही चमचे फार चिकट असतात. दाणे एकमेकांना धरतात, छोटे गठ्ठे होतात. ते अंगठ्याने हळूच सोडवायचे. यावेळी कंटाळून पाक जास्त ओतला की चिक्की होते. प्रत्येक चमचा पुरता सुकून दाणे परातीत सळसळायला लागले की पुढचा चमचा. कानांनी कळतं ते. ओला दाणा आवाज करत नाही, सुका झाला की वाळूसारखा खरखरतो.

बोटांना चटके बसतात. काही बायका तर्जनी-मध्यमेला पातळ सुती चिंधी गुंडाळतात. मी तसाच बसतो, कारण चिंधीतून आचेचा अंदाज येत नाही. दोघांनी आळीपाळीने बसणं सगळ्यात बरं. एकाने पाक सोडावा, दुसऱ्याने फिरवावं, आणि हात बदलताना परात खाली उतरवावी.

पहिल्या पहाटेला काटा शोधू नका. दाणा फक्त पांढरा होतो, तिळाचा चपटेपणा जाऊन जरा फुगीर दिसतो. दोन-अडीच तासांनी थांबा. परातीत तळाला पिठीसाखरेसारखा भुगा साठलेला असतो, तो रव्याच्या चाळणीने चाळून काढा. हे टाळलंत तर दुसऱ्या दिवशी तोच भुगा दाण्यांना फासला जाऊन काट्याची जागा बुजवतो. चाळलेला भुगा पुढच्या पाकात घालता येतो, पण तो पाक पुन्हा गाळायचा. दाणे पातळ फडक्यात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर दाण्यांना पाणी सुटतं.

दुसऱ्या पहाटे पहिला चमचा टाकण्याआधी परातीत दाणे नुसतेच फिरवून कोमट करून घ्या. आज पाक किंचित घट्टसर आणि चमचा आणखी छोटा. साधारण बाजरीच्या दाण्याएवढा आकार झाला की अंगावर खरबरीतपणा बोटाला लागतो. डोळ्याला तो अजून दिसत नाही. आता इथून पुढे हात बदलायचा. कालपर्यंत आपण फिरवत होतो, आता लोळवायचं. बोटांची टोकं दाण्यांत बुडवून हळूच उचलून सोडायची, मध्येमध्ये परातच दोन्ही हातांनी धरून कलती करायची, म्हणजे दाणे एका कडेकडून दुसऱ्या कडेला आपसूक गडगडतात. जोरात फिरवलंत की कोवळे काटे झडतात, आणि खाली भुगा वाढतो. भुगा वाढताना दिसला की हात जड चाललाय असं समजा.

तिसऱ्या पहाटे चमत्कार असतो. चमचा सोडला, चार वेळा लोळवलं, आणि परात खिडकीच्या उजेडाकडे कलती केली की प्रत्येक दाण्याला बारीक, सगळीकडून आलेली टोकं. काही लांब, काही आखूड, टोकांना काचेसारखी चमक. एक दाणा तळहातावर घेऊन मूठ हलकी मिटली तर टोचतो. ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की तिळाच्या हलव्याचं थांबावं, त्यापुढे काट्याची टोकं बोथट व्हायला लागतात. केशरी हवा असेल तर शेवटच्या पाच-सहा चमच्यांच्या पाकात केशर उगाळून घाला. रंगाच्या बाटल्या घालून हिरवा-गुलाबी हलवा करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण संक्रांतीच्या काळ्या साडीवर, चंद्रकळेवर, पांढराच शोभतो.

मध्येच आभाळ आलं तर? काम थांबवा. दाणे कोरड्या डब्यात, झाकण घट्ट, आणि आभाळ निवळेपर्यंत हात लावायचा नाही. अर्धा झालेला हलवा चार-पाच दिवस थांबला तरी काही बिघडत नाही. ढगाळ दिवशी रेटून केलेला मात्र परत काटेरी होत नाही, कारण एकदा खाचा भरल्या की भरल्या.

गुळगुळीत झालाच तर तो घाणा फुकट गेला असं समजू नका. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते, त्याआधी दिंड्या नाशकातून चालत जातात. पहाटे कानटोपी-मफलर बांधून निघालेल्या वारकऱ्यांना चहा देताना आम्ही हलवाही देतो. त्या एकादशीला षट्‌तिला म्हणतात, तीळ खायचेच असतात. साबुदाण्यावर केलेला हलवा कुठल्याही उपवासाला चालतो.

दागिने

नव्या सुनेची पहिली संक्रांत किंवा बाळाचं बोरन्हाण असलं तरच हा व्याप करावा. हलव्याच्या दाण्यात सुई घालायची नाही, तो फुटतो. दोन पदरी पांढरा दोरा घ्यायचा, दोन पदरांच्या मध्ये दाणा धरायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गाठ मारायची. काट्यांमुळे दोरा निसटत नाही. अशी लड तयार झाली की पुठ्ठ्यावर काळं कापड लावून त्यावर टाके घालायचे. काठाला सोनेरी जर.

खसखशीचा हलवा नथ आणि बिंदीला, तिळाचा हार, तोडे, बाजूबंद यांना, साबुदाण्याचा मंगळसूत्राच्या वाट्यांजवळ आणि कंबरपट्ट्याच्या मध्यावर. मगजाचे लांबट दाणे झुमक्याला सुरेख दिसतात. जावयाला हार आणि नारळ. अलीकडे मोबाइलही करतात, करा बापडे.

विकतचे दागिने आणायचे तर मेनरोड परिसरात डिसेंबरअखेरपासून दिसायला लागतात. घेताना उजेडात धरून बघा. दाण्याला काटा आहे की नुसते साखरेचे मणी ओवलेत, ते तिथल्या तिथे कळतं.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. संध्याकाळी थंडी उतरायच्या आत, साडेचार-पाचला उरका. बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, छोटी बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे पडू द्या, हलवा मात्र मोठ्या मुलांच्या हातात द्या. वर्षा-दीड वर्षाचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि काटेरी दाणा घशात अडकतो. त्याच कारणाने बाळाच्या गळ्यातला हलव्याचा हार फोटो काढून झाला की लगेच उतरवायचा. तो चोखायला ते टपलेलंच असतं.

वर्षभर ठेवायच्या भानगडीत पडू नये. फेब्रुवारीत ऊन वाढलं, हवा बदलली की काटे मऊ पडतात. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला वाटून संपवा. दागिने आठवण म्हणून साडीत गुंडाळून कपाटात ठेवणाऱ्या सगळ्यांना सांगतो, मुंग्यांना चंद्रकळा आणि पुठ्ठा यांत फरक कळत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यात दोन-चार लवंगा टाका. आणि चाळणीतून निघालेला उरलासुरला भुगा चहाच्या साखरेत मिसळा. त्याला तिळाचा बारीकसा वास असतो, पाहुणे विचारतात, चहात काय घातलंय म्हणून.